मालेगावच्या पुढं हँडल माझ्या हातात होतं

अहो, काल तुमचा दहावा झाला. घाटावर एवढी माणसं आली की मांडव कमी पडला, निम्मी माणसं उन्हात उभी होती. प्रवचन झालं आणि मग माईकवर एकेक जण श्रद्धांजलीला उठला. तुमचे विद्यार्थी, कर्जतकडचे तुमच्या जोडीचे मास्तर, डेअरीचे चेअरमन. आणि प्रत्येक जण फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होता. सत्तावन्नाव्या वर्षी आमच्या गुरुजींनी चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर मोटारसायकल चालवली. बायकोला मागं बसवून, एकहाती.

मी खाली सतरंजीवर बसले होते. 'एकहाती' आलं की माझी मान आणखी खाली जायची. लोकांना वाटलं रडतेय. रडत होतेच, पण ते निराळं. मला लाज वाटत होती. कारण ते खोटं तुमचं नव्हतं, माझं होतं. आठ महिने तुम्ही खरं सांगायला बघत होतात आणि मी तुमच्या तोंडावर हात ठेवून बसले होते.

आता तुम्हाला मधे बोलता येत नाही, तर पहिल्यापासून सांगते. नाहीतर मी काही सांगायला लागले की वार आणि वेळ दुरुस्त करायची तुम्हाला भारी हौस. एकदा पाहुण्यांसमोर मी म्हणाले, रेवतीचा जन्म पहाटेचा, तर तुम्ही लगेच, पहाट नव्हे, पावणेसात. बाळंतीण कोण होतं, मी का तुम्ही?

कर्जत तालुक्यातल्या शाळेत तुमची अकरा वर्षं गेली. शनिवारी दुपारी शाळा सुटली की तुम्ही गाडीवर निघायचात, नगरवरून कोल्हारला वस्तीवर यायला दिवेलागण व्हायची. सोमवारी मी धार काढायला बसले की तुम्ही निघायचात. मी गोठ्यातून फक्त मागचा लाल दिवा बघायची. अकरा वर्षं मला तुमच्या गाडीचं पुढचं तोंड कमी आणि मागचा दिवा जास्त दिसला. ह्यावर आपण किती भांडलो. तुम्ही म्हणायचात, नोकरी आहे. मी म्हणायची, नोकरी आहे हे मला कळतं, पण तुम्हाला तो रस्ता आवडतो हेही कळतं. खरं होतं ना ते?

मागं राहिलेली जुनी शंभर सीसीची गाडी मी घेतली. ती तुम्हीच शिकवलीत, उसाची तोड झालेल्या रिकाम्या वावरात, दोन रविवारात. तिसऱ्या रविवारी मी दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून, साडीचा काष्टा खोचून, वस्तीवरून गावातल्या डेअरीवर गेले. रस्त्यानं बायका बघत राहिल्या. मग बघायच्या थांबल्या. त्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. दूध घेऊन गाडी चालवताना एक शिकायला मिळतं, ब्रेक असा लावायचा की किटलीतलं दूध हिंदकळायला नको. लायसन काढायलाही तुम्हीच नेलंत आणि तिथल्या साहेबाला सांगितलंत की ही माझ्यापेक्षा बरी चालवते. मला वाटलं, चेष्टा करताय.

सोळाशेचं खूळ तुम्ही मोबाईलवर वाचलंत. चोवीस तास, सोळाशे किलोमीटर. पेट्रोल भरलं की वेळ छापलेली पावती घ्यायची, निघताना आणि पोचल्यावर एकेका साक्षीदाराची सही घ्यायची, मग मोटारसायकलवाल्यांच्या एका संस्थेला कागद पाठवायचे, मग सर्टिफिकेट येतं. तुम्ही मला जेवता जेवता सगळे नियम वाचून दाखवलेत. मागं कुणी बसलं तर चालेल, पण तो माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिजे. आणि हँडल एकाच्याच हातात पाहिजे. हात बदलला की बाद.

मी म्हणाले, जा की मग, मला कशाला सांगताय. तुम्ही भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणालात, "एकटा नाही जाणार. अकरा वर्षं एकटा गेलो. तू मागं बसशील तरच." मी भांडी उचलून बाहेर गेले. तुम्हाला वाटलं, चिडले. मला रडू आलं होतं, ते तुम्हाला दाखवायचं नव्हतं एवढंच.

जानेवारीत निघालो. संध्याकाळी सहा वाजता, वस्तीवरून. मी रेवतीचा पंजाबी ड्रेस घातला, वर तुमचा जुना स्वेटर, त्यावर जाकीट, आणि जाकिटाच्या आत छातीला वर्तमानपत्रं. ती तुमची युक्ती. बापू भाऊजी हसून हसून बेजार. त्यांनीच निघतानाची सही केली आणि सांगितलं, दादा, वहिनीला सांडू नको कुठं. धुळे, इंदूर, गुना करत शिवपुरीच्या अलीकडं जायचं आणि तिथून माघारी फिरायचं, असं ठरलं होतं. रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. थंडीनं दात वाजत होते, तुमच्या पाठीला नाक लावून बसले होते, आणि दर पेट्रोल पंपावर उतरले की पाय आपले आहेत की दुसऱ्याचे हे बघून घ्यायची. पण एक कबूल करते. मला फार आवडलं. त्या रस्त्यात काय आहे म्हणून मी अकरा वर्षं तुमच्याशी भांडले, ते मला एका रात्रीत कळलं. गाडीवर बसलं की ना गोठा, ना शाळा, ना पाव्हणा. पुढं रस्ता आणि आपण. हे मी तुम्हाला नंतर कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही 'बघ, मी सांगत होतो' म्हणून महिनाभर पिडलं असतंत.

उजाडायच्या आतच माघारी फिरलो. तुम्ही खूश. वेळेच्या पुढं होतो आपण. इंदूरला पोह्यांची बशी हातात घेऊन तुम्ही चालता चालता खाल्लीत, बसलो तर उठणार नाही म्हणालात. बिजासन घाट उतरलो, धुळं मागं पडलं. आणि मग दुपारच्या उन्हात, मालेगावच्या अलीकडं, गाडी हळूच डावीकडं जायला लागली. मला आधी वाटलं थांबताय. मग चाक डांबरावरून खाली मातीत उतरलं आणि मी तुमच्या पाठीत बुक्की घातली. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही दचकून ब्रेक लावलात. गाडी पडली नाही, देवाची कृपा.

चहाच्या टपरीवर बसलो. कप तुमच्या हातात धरवत नव्हता. उजव्या हाताची बोटं वळून घट्ट झाली होती, मी एकेक बोट चोळून उघडत होते आणि ते परत मिटत होतं. तुमचं तोंड बघितलं मी. वर्गातल्या पोराचा पेपर कोरा बघून तुमचं व्हायचं तसं. कुणाला रागवायचं तेच कळत नाही, असं. तीन वाजून गेले होते. सहाला कोल्हार गाठायचं, मधे एकशे तीस किलोमीटर, आणि त्यात मनमाडच्या पुढचा आपला तो रस्ता, उसाच्या हंगामात.

मी उठले, हेल्मेट घातलं आणि चावी मागितली.

तुम्ही म्हणालात, "शालन, हात बदलला की बाद होतो आपण."

मी म्हणाले, "बाद तर बाद. घरी तर जायचंय ना? सरका मागं."

तुम्ही मागं बसलात. आणि बसल्या बसल्या पेंगायला लागलात. म्हणून मी ओढणी काढली आणि तुम्हाला माझ्या कमरेशी बांधलं, रेवतीला लहानपणी गाडीवर बांधायचो तसं. टपरीवाला बघत राहिला. बघू दे म्हटलं.

अहो, ते एकशे तीस किलोमीटर. कुणाला सांगू मी? तुम्ही निम्मे झोपेत होतात, तुम्हालाही पुरते माहीत नाहीत. तुमची ती काळी गाडी मी गोठ्यापासून फाटकापर्यंतच हलवली होती. पहिली पाच मिनिटं चाचपडत चालवली. मग गाडी माझं ऐकायला लागली. किंवा मी तिचं. मनमाडपर्यंत रस्ता मोकळा होता, काटा नव्वदवर गेला. मी, जी डेअरीच्या रस्त्याला तीसच्या वर कधी गेले नाही. तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत होतं आणि मला हसू येत होतं. बाद तर झालोच होतो. पण मनात एकच घेतलं, सर्टिफिकेट गेलं उडत, सहाच्या आत मी ह्या माणसाला गावात नेणार. चोवीस तास म्हणजे चोवीस तास.

येवल्याच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावरून ऊस बाहेर लोंबतोय, आणि गाण्याचा आवाज एवढा की मागचा हॉर्न कुणाला ऐकू जाईल? खड्ड्यांचं तर बोलूच नका. पण खड्डा कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. वीस वर्षं दूध नेलंय. तुम्ही त्या खड्ड्यांत जागेसुद्धा झाला नाहीत.

कोपरगावला शेवटचं पेट्रोल भरलं, पावती घेतली, पिशवीत ठेवली. आता कशाला, हा विचारच आला नाही, सवयीनं ठेवली. तिथून बापू भाऊजींना फोन केला. ते फार खुशीत. चौकात दादाचा फ्लेक्स लावलाय म्हणाले, गॉगल घातलेला फोटो, वर फेटा, खाली 'एका दिवसात सोळाशे किलोमीटर, कोल्हारची शान'. हलगीवाले बोलावलेत, सरपंच आलेत, बायका ताटं घेऊन उभ्या राहणार आहेत. मी विचारलं, आम्ही पोचायच्या आत फ्लेक्स लावलात? भाऊजी म्हणाले, दादा येनार न्हाई असं हुईल का?

तिथंच माझी मती फिरली. शिर्डी गेली, राहाता गेलं, बाभळेश्वर मागं टाकलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो फ्लेक्स. त्याच्याखालून मी गाडी चालवत येतेय आणि तुम्ही मागं, ओढणीनं बांधलेले. हलगी थांबेल. पोरं मोबाईल काढतील. तुमच्या हाताखालून निम्मं गाव शिकून गेलं, आणि ते म्हणणार, गुरुजींना बायकोनं बांधून आणलं.

गावाच्या अलीकडं, दोन किलोमीटरवर, रस्त्याकडेच्या पेरूवाल्याच्या पालापाशी मी गाडी थांबवली. ओढणी सोडली. तुम्ही जागे झालात, घड्याळ बघितलंत आणि तुमचा चेहरा असा फुलला की काय सांगू. पाच वाजून गेले होते. तुम्ही हसत माझ्या पाठीवर थाप मारलीत. पोरांना मारायचात तशी. मी सांगितलं, आता तुम्ही पुढं बसा.

"का? तू आणलीस, तूच ने."

मी फ्लेक्सचं सांगितलं, हलगीचं सांगितलं. मी म्हणाले, लोक हसतील, काय काय म्हणतील.

"म्हणतील ते खरंच म्हणतील. शालन, मला तुझ्या मागं बसून चौकात जायचंय."

अहो, कुठल्या नवऱ्यानं कुठल्या बायकोला असं म्हटलं असेल? आणि मी काय केलं? मी तुम्हाला माझी शपथ घातली. पेरूवाला विचारत होता, किलोभर देऊ का. मग तुम्ही पुढं बसलात, त्या वळलेल्या उजव्या हातानं रेस-ब्रेक सांभाळत दुसऱ्या गेरात गाडी चौकात नेलीत. पाच वीसला पोचलो. चाळीस मिनिटं राखून.

हलगी कडाडली. तुमच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, फेटा बांधला, शाल, नारळ. बायकांनी मलाही कुंकू लावलं आणि म्हणाल्या, धन्य गं बाई, एवढा वेळ नुसतं बसून राहायचं म्हणजे कंबर गेली असेल. मी म्हणाले, हो ना. सरपंचांनी तुमच्या हातात माईक दिला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी मानेनंच नको म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, हे आम्ही दोघांनी केलं, माझ्याइतकंच तिनं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गुरुजींचा मोठेपणा.

कागद तुम्ही पाठवले नाहीत. पावत्यांची पिशवी ट्रंकेत ठेवलीत. लोक विचारायचे, गुरुजी, सर्टिफिकेट आलं का? तुम्ही विषय बदलायचात. आणि घरी आलात की माझ्यावर. जेवताना, गोठ्यात, अंथरुणावर. मी कर्जतला पोरांना कॉपी करू दिली नाही आणि आता ह्या वयात मला कॉपी करायला लावलीस, असं एकदा म्हणालात. मला लागलं ते. मी म्हणाले, मी तुमचा मान राखला. तुम्ही म्हणालात, माझा मान तुझ्या हातानं गाडी आली त्यात होता, तो तू पेरूवाल्यापाशी उतरवून ठेवलास. मग दोन दिवस आपण बोललो नाही.

शेवटचं ठरलं ते दसऱ्याचं. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, सगळी भावकी जमते, तेव्हा सांगतो म्हणालात. मी म्हणाले, बघू. तुम्ही म्हणालात, बघू नाही, हो म्हण. मी परत म्हणाले, बघू. दसरा यायच्या आधीच तुम्ही गेलात. त्या 'बघू'चं मी काय करू, सांगा.

काल मला वाटलं होतं, कावळा शिवायचा नाही. तुमची एवढी मोठी इच्छा मागं राहिलेली. मग मी सगळ्यांसमोर उठून हात जोडीन, कबूल करीन. त्या निमित्तानं तरी तोंड उघडेल. तर पिंड ठेवला आणि बापू भाऊजी मागं फिरायच्या आत कावळा आला. लोक म्हणाले, गुरुजींचं काही राहिलं नव्हतं. मी मनात म्हणाले, हे बघा, आयुष्यात कुणाला ताटकळत ठेवलं नाही, आताही नाही. आणि जाताजाता मलाही अडवून धरलं नाही. सांगायचं तर तिनं आपलं आपण सांगावं, असंच तुमचं म्हणणं असणार.

चेअरमननी परत 'एकहाती' म्हटलं तेव्हा मी उठले. दहाव्याला माईकवर बायको बोलत नाही आपल्याकडं. रेवतीनं पदर धरला, तो मी सोडवला. चेअरमननी माझ्याकडं बघितलं आणि माईक दिला. येवल्याच्या ट्रॅक्टरांतून येणं ह्यापेक्षा सोपं होतं. मी म्हणाले, "मालेगावपासून पुढं गाडी मी चालवली. ह्यांना सांगायचं होतं. मी शपथ घालून गप्प बसवलं. ह्यांनी कधीच खोटं सांगितलं नाही, खोटं माझं होतं." एवढं बोलून मी माईक परत दिला.

नदीवर कपडे आपटत होतं कुणीतरी, तेवढं ऐकू येत होतं. बापू भाऊजी ओल्या धोतरानं तसेच उभे. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळताना मला दिसली. मग ते एवढंच म्हणाले, तरीच दादा त्या दिवशी दुसऱ्या गेरात आला.

आणि बायकांच्यातून तुमची ती सोना चुलती, ऐंशीच्या घरातली, दात नसलेली, मोठ्यानं बोलली. "अगं येडे, मंग चौकापातुर तूच का न्हाई आनली? आमी काय खाल्लं असतं व्हय तुला?"

मी खरं सांगितलं. म्हणाले, "भ्याले, काकू."

"ट्रकला न्हाई भ्याली आन् आमाला भ्याली," असं म्हणून म्हातारी हसायला लागली. तिच्या शेजारची हसली. मग मागच्या सगळ्या. पुरुषांनी आधी माना खाली घातल्या, मग तेही हसले. अहो, तुमच्या दहाव्याला माणसं हसली. डोळ्याला पदर लावून हसली, मीसुद्धा. महाराजांना कळेना, पुढं अभंग म्हणायचा की थांबायचं.

तुम्ही आठ महिने हेच सांगत होतात, की गाव तुला काही म्हणणार नाही. तुमचं बरोबर होतं आणि माझं चूक. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तुम्हाला पहिल्यांदा म्हणतेय. ऐकायला तुम्ही नाही, हा तुमचा दोष नाही, माझाच.

सकाळी ट्रंकेतली पिशवी काढली. पावत्या उन्हाळ्यात काळ्या पडल्यात, वेळ वाचता येत नाही. राहू दे. आपण बाद झालो ते कागदावर. एरवी सोळाशे किलोमीटर झाले, चोवीस तासांच्या आत झाले, ह्याच दोन माणसांनी केले. चौदाशे सत्तर तुमचे. त्यापुढचे एकशे अठ्ठावीस माझे, आणि ते मी आता कुणालाही मान वर करून सांगते. शेवटचे दोन मी शपथ घालून तुमच्या गळ्यात मारले. तेवढे दोन मला माफ करा.